गाडी शिकायची, पण मास्तर पारखून!



या पानावर नेहमी उसाची लागण, खोडव्याचे खत, नाहीतर ठिबकाची माहिती असते. या वेळी आम्ही मोटार शिकण्याबद्दल लिहीत आहोत, हे पाहून काही जणांना नवल वाटेल. 'कारखान्याच्या अंकात हे कशाला?' असेही कोणी म्हणेल. पण कारणच तसे घडले आहे आणि ते आपल्या कारखान्याच्या रस्त्यावर घडले आहे.

गेल्या हंगामात, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, रात्री साडेआठच्या सुमारास आपल्या एका सभासदाचा मुलगा मुंबईहून गाडी घेऊन गावाकडे येत होता. तो बोरिवलीला राहतो, नोकरी चांगली आहे. गाडी नवी, लायसनही नवे. महिनाभर त्याच्याकडे राहिलेली आई शेजारी बसलेली. कारखान्याच्या फाट्याच्या अलीकडे उसाने भरलेली ट्रॉली पुढे चालली होती. तिला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हता. पोराला ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी पुढ्यात होती. त्याने स्टिअरिंग ओढले आणि गाडी रस्ता सोडून चारीत गेली. आईच्या हाताचे हाड मोडले, पोराला खरचटले. यावर निभावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. पोरगा मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "काका, मला ब्रेक मारायचं सुचलंच नाही. क्लासला गाडी थांबायची, तेव्हा वाटायचं मीच थांबवतोय. पण माझ्या आधी मास्तरांचा पाय पडायचा. खरं सांगायचं तर मी स्वतः गाडी कधी थांबवलीच नव्हती."

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. ट्रॉलीला रिफ्लेक्टर नव्हता ही चूक आपलीच, तिच्याबद्दल शेवटी लिहू. पण पंधरा दिवस क्लास करून, पैसे भरून, परीक्षा पास होऊन ज्याला गाडी थांबवता येत नाही, त्याला नक्की काय शिकवले गेले? हा प्रश्न त्या एका पोराचा नाही. आपल्या भागातली कितीतरी घरे आज अर्धी इकडे आणि अर्धी मुंबईच्या उपनगरांत आहेत. घाटकोपरला माथाडी कामाच्या निमित्ताने गेलेल्या सातारा-सांगलीकडच्या माणसांच्या आता तिसऱ्या पिढ्या आहेत. अंधेरी, बोरिवली, मुलुंडला आपली मुले, मुली, सुना नोकरीला आहेत. ही मंडळी गाडी शिकतात तिथे आणि दिवाळीला, यात्रेला, हंगामात चालवत येतात आपल्या रस्त्यावर.

म्हणून कारखान्याच्या कामासाठी आमच्यापैकी दोघे नरिमन पॉइंटच्या साखर भवनात गेले होते, तेव्हा मुक्काम चार दिवस वाढवला. आपल्याच लोकांकडे उतरलो आणि उपनगरांत गाडी शिकवतात कशी ते मागच्या सीटवर बसून पाहिले. जे पाहिले ते इथे देतो. शिकवणाऱ्या संस्थांची नावे घेत नाही. कोणाची जाहिरात करायची नाही आणि कोणाची बदनामीही.

अंधेरी आणि बोरिवली : सकाळी सहाचा धडा

उपनगरात गाडी शिकायची तर पहाटे उठावे लागते. आठ वाजले की स्वामी विवेकानंद रस्त्यावर आणि लिंक रोडवर रिक्षा, बेस्टच्या बसगाड्या, शाळेच्या व्हॅन यांची अशी गर्दी होते की, नवख्याने पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाण्याआधीच परत ब्रेक लागतो. म्हणून बहुतेक धडे सहा ते आठच्या आत.

अंधेरीत आम्ही ज्या गाडीत बसलो, तिथला मास्तर स्वभावाने वाईट नव्हता. हसतमुख होता. पण अर्ध्या तासात त्याने तीन फोन घेतले. शिकणाऱ्या पोराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि मास्तरचे दोन्ही पाय त्याच्या बाजूच्या दुसऱ्या क्लच-ब्रेकवर. गाडी सुरेख चालली होती! रिक्षा आडवी आली, गाडी थांबली. सिग्नल लागला, गाडी थांबली. उतरल्यावर पोरगा खुशीत आम्हाला म्हणाला, "बघितलंत? आता मला जमायला लागलंय." आम्ही काही बोललो नाही. कासरा बापाने मागून धरायचा आणि पुढे बसलेल्या पोराला वाटायचे बैल आपणच हाकतोय, तसला तो प्रकार होता.

बोरिवलीत दुसरी गोष्ट पाहिली. धडा अर्ध्या तासाचा सांगितलेला. त्यातली दहा मिनिटे पुढच्या विद्यार्थ्याच्या दारात त्याची वाट पाहण्यात गेली. तो आला, मागे बसला आणि त्याचाही वेळ तिथूनच मोजायला सुरुवात झाली. म्हणजे एकाच वेळेत दोघांचे तास भरले. वजनकाट्यावर एकाच गाडीचे वजन दोघांच्या नावावर चढवले तर आपण केवढा गोंधळ घालू! इथे मात्र कोणी विचारत नाही, कारण विचारायचे काय हेच माहीत नसते.

मुलुंड : चुका मोजणारा मास्तर

मुलुंडचे जुने रस्ते सरळ आणि काटकोनात आहेत. १९२२ च्या सुमारास आराखडा करून वसवलेले हे उपनगर. त्यामुळे नवख्याला तिथे बरे पडते. एकामागून एक चौक येतात आणि डावे-उजवे वळण, आरसा, इशारा यांची उजळणी आपोआप होते. तिथे आपल्या एका सभासदाची सून शिकते, तिच्या धड्याला आम्ही गेलो.

तिचा मास्तर साठीच्या आसपासचा, कमी बोलणारा. गाडी सुरू होण्याआधी त्याने आपले पाय मागे ओढून घेतले आणि तिला दाखवले. म्हणाला, "बघा ताई, पाय इथे आहेत. मी ब्रेक लावला की मोठ्यांदा सांगणार." अर्ध्या तासात त्याने चारदा ब्रेक लावला आणि चारही वेळा आकडा सांगितला : एक, दोन, तीन, चार. मध्येच विचारायचा, "आता मागे काय आहे?" आरसा पाहिला असेल तरच उत्तर देता येणार. शेवटी गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "आज चार. सोमवारी सहा होते. दोन तुमच्या चुकीचे, एक त्या स्कूटरवाल्याच्या, आणि एक मी उगाच लावला, घाबरून. तो तुमच्या खात्यात धरू नका."

आम्ही त्याला विचारले, असे मोजता कशासाठी? तो म्हणाला, "मी नसेन तेव्हा हे चार ब्रेक कोण लावणार, ते त्यांना कळायला नको?"

या सूनबाईंचा हा दुसरा मास्तर. पहिला ओरडायचा. 'बायकांना जमत नाही' हे त्याचे पालुपद. सात दिवसांत तिने तो सोडला, भरलेले पैसे बुडाले. घरात त्यावरून बोलणीही झाली. ती म्हणाली, "मामंजी, ओरडणाऱ्या माणसाशेजारी मी रस्ता बघतच नव्हते. त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता ओरडतो की मग ओरडतो. पैसे गेले ते परवडलं." आम्हाला ते पटले. रागीट माणसाच्या हाताखाली खोंड बुजरे होते, कामाचे होत नाही, हे आपल्याला का सांगायला हवे?

घाटकोपर : चढावरची गाडी

घाटकोपर पश्चिमेला भटवाडी, बर्वेनगरकडे टेकडीची वस्ती आहे. रस्ते चढाचे आणि अरुंद. तिथे शिकलेल्याला एक गोष्ट चांगली येते, ती म्हणजे चढावर थांबलेली गाडी मागे न सरकू देता पुढे काढणे. हँडब्रेक ओढायचा, क्लच सावकाश सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडीने नाक उचलल्यासारखे केले की मग हँडब्रेक सोडायचा. तिथल्या मास्तराने एका मुलाकडून हे ओळीने आठ वेळा करून घेतले. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते. मास्तर म्हणाला, "वाजवू दे. हॉर्नने गाडी पुढे जात नाही, क्लचने जाते."

सपाट रस्त्यावरच्या क्लासात हे बहुधा एकदा दाखवून सोडून देतात. पण आपल्याकडे ओढ्याच्या पुलाचा चढ आहे, घाट आहेत, आणि मागे भरलेला ट्रॅक्टर उभा असतो. तिथे गाडी चार हात मागे आली तर काय होईल ते सांगायला नको. सांगायचे एवढेच की, शिकणाऱ्याने स्वतःहून मागितले पाहिजे : मला चढावर न्या.

नियम काय सांगतो

पुष्कळांना वाटते की, ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे गाडी घेतली, वर पाटी लावली की झाले. तसे नाही. १९३९ चा जुना मोटार कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला, तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्यातल्या कलम १२ मध्ये आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या शाळांबद्दल स्पष्ट लिहिलेले आहे. शाळेला परिवहन खात्याचा परवाना लागतो, तो पाच वर्षांचा असतो. तो परवाना, शिकवणाऱ्यांची नावे, अभ्यासक्रम आणि फीचे दर दर्शनी भागात लावलेले असले पाहिजेत. शिकवणारा किमान दहावी पास, पाच वर्षांचा चालवण्याचा अनुभव असलेला आणि मोटार मेकॅनिकचा कोर्स केलेला असावा लागतो. शिकवण्याच्या गाडीला मास्तरच्या बाजूनेही थांबवण्याची सोय हवी आणि ती गाडी शिकवण्यासाठीच वापरायची असते.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तास. खासगी मोटारीसाठी शिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे तास १० पेक्षा कमी नसावेत, असा नियम आहे. कोणी किती तास चालवली याची नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे रोज ठेवायची असते. आता हिशेब करा. पंधरा दिवस, रोज अर्धा तास म्हणजे साडेसात तास. त्यातून वाट पाहण्याचा आणि फोनचा वेळ वजा केला तर हातात राहतात पाच. चारीत गेलेल्या आपल्या पोराचा क्लास असाच पंधरा दिवसांचा होता.

२०२१ साली केंद्राने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. तिथे हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम चार आठवड्यांचा, एकूण २९ तासांचा आहे. ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष. म्हणजे नीट शिकवायचे तर किती वेळ लागतो, याचा सरकारी अंदाजही पाच तासांच्या चौपट आहे.

लायसन आणि शिकणे, दोन वेगळ्या गोष्टी

अंधेरीचे आरटीओ एमएच-०२, बोरिवलीचे एमएच-४७, आणि घाटकोपर-मुलुंडकरांचे वडाळ्याचे एमएच-०३. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसनची परीक्षा देता येत नाही. हे तीस दिवस सराव करण्यासाठीच ठेवलेले आहेत. या काळात गाडीला पुढे-मागे लाल 'एल' ची पाटी हवी आणि शेजारी लायसन असलेला माणूस हवा, गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला.

२०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसनची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या संगणकावर देता येते. सोय चांगली आहे. पण घरात बसून परीक्षा म्हटल्यावर 'तुम्ही बसा, उत्तरं मी भरतो' म्हणणारेही भेटतात. उत्तरे दुसऱ्याने भरली तर रस्त्यावरच्या खुणा त्या दुसऱ्यालाच कळणार. सरकारी फी पाहिली तर केंद्राच्या नियमाप्रमाणे शिकाऊ लायसनचे १५० रुपये आणि त्या परीक्षेचे ५०, पक्क्याच्या चाचणीचे ३०० आणि लायसनचे २०० असे धरलेले आहेत. बाकी जे घेतले जाते ते कशाचे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. 'लायसनसकट पॅकेज' म्हटले की शिकवण्याचे किती आणि धावपळीचे किती, हे वेगळे लिहून मागावे.

दुसरी एक बाब शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावी. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, हलक्या मोटारीचे लायसन असलेल्याला एकूण ७,५०० किलोच्या आतले मालवाहू वाहनही चालवता येते. म्हणजे अंधेरीत रिकाम्या छोट्या गाडीवर शिकलेला पोरगा उद्या गावी येऊन भरलेला पिकअप घेऊन बाजारात जाऊ शकतो. कायद्याने चालते. पण भरलेल्या गाडीचा ब्रेक वेगळा, वळण वेगळे. क्लासात ते कोणी शिकवलेले नसते. तेव्हा घरातल्या जाणत्या माणसाने चार दिवस शेजारी बसून ते शिकवावे.

आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या हाती मोटार किंवा ट्रॅक्टर देणाऱ्यांसाठी : २०१९ च्या दुरुस्तीने पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. 'शेतातल्या शेतात चालवतो' म्हणता म्हणता पोरगे डांबरीवर कधी येते ते कळत नाही.

दिवसाचे शिकणे, रात्रीचा रस्ता

चार दिवसांत एक गोष्ट आमच्या लक्षात आली. उपनगरात शिकणारा सगळे शिक्षण उजेडात घेतो. सकाळचा उजेड, नाहीतर रस्त्यावरचे दिवे. वेग ताशी वीस-तीस. त्याने पूर्ण अंधार गाडीतून पाहिलेलाच नसतो. आणि पहिला मोठा प्रवास करतो तो गावचा. त्यात मुंबईहून सुटायला उशीर, आणि शेवटचा टप्पा अंधारात.

याचा हिशेब मांडून पाहू. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही आहे हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. मग कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २० मीटर. एकूण ३७ झाले. वेग ८० असेल तर सेकंदाला २२ आणि पुढे ३६, म्हणजे ५८ मीटर. आणि दिवे खाली टाकून चालवताना बिनदिव्याची वस्तू दिसते साधारण ३०-४० मीटरवर. म्हणजे ८० च्या वेगात बिनदिव्याची ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ निघून गेलेली असते. शिवाय हंगामात फाट्यावर सांडलेले पाचट, चाकांचा चिखल. त्यावर टायर धरत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यातली एक आपली असू शकली असती.

म्हणून मास्तरला सांगून शेवटच्या आठवड्यात दोन धडे वेगळे मागावेत. एक रात्रीचा आणि एक पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावरचा. मुलुंडचे ते मास्तर म्हणाले, "लोक मागतच नाहीत. पार्किंग शिकवा म्हणतात." खरे आहे. सोसायटीत गाडी लावताना चारचौघे बघतात, त्याची लाज वाटते. अंधारात बघायला कोणी नसते.

मास्तर पारखण्याचे सात प्रश्न

बेणे घ्यायला आपण दुसऱ्याच्या फडात जातो, डोळे पाहतो, वय विचारतो, रोग आहे का बघतो, मगच मोळी बांधतो. इथेही पैसे भरण्याआधी एक दिवस जाऊन पाहावे आणि हे विचारावे.

१. परवाना कुठे लावला आहे, आणि त्याची मुदत कधीपर्यंत आहे?

२. रोज मला कोण शिकवणार? एकच माणूस, की जो मोकळा असेल तो? मास्तर रोज बदलला तर आपल्या कालच्या चुका आज कोणाला ठाऊक नसतात.

३. एकूण दिवस किती, आणि प्रत्यक्ष माझ्या हातात गाडी किती तास? नोंदवहीत सही रोज करायला मिळेल का?

४. गाडीत माझ्या वेळेत दुसरा विद्यार्थी असेल का? असल्यास त्याचा वेळ कसा मोजता?

५. चढ, उलटी गाडी, पाऊस, रात्र आणि महामार्ग यांतले काय काय शिकवणार?

६. मधेच सोडले तर पैसे किती परत? हे तोंडी नको, पावतीवर लिहून हवे.

७. एक धडा मागे बसून पाहू द्याल का? जो नको म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नये.

आणि आठवे मास्तरला विचारायचे नाही, स्वतः पाहायचे. त्याचे पाय कुठे आहेत? पहिल्या दोन-तीन दिवसांत ते पेडलवर असणारच, असलेच पाहिजेत. पण दहाव्या दिवशीही तिथेच असतील तर विचारावे : "मास्तर, आज तुम्ही किती वेळा ब्रेक लावला?" ज्याला आकडा सांगता येत नाही, तो गाडी स्वतः चालवतो आहे आणि फी मात्र आपल्याकडून घेतो आहे. स्वस्त कोण, घराजवळ कोण, गाडीला एसी कोणाच्या, हे सगळे त्यानंतर.

मुली-सुनांना शिकायचे असेल तर घरच्यांनी आडवे येऊ नये. त्यांना बाईमास्तर हवी असेल तर तीही उपनगरात मिळते, चौकशी करावी. मास्तर उर्मट असेल, नको तिथे हात लावत असेल, तर त्याच दिवशी क्लास बंद करून संस्थेकडे आणि पोलिसांकडे तक्रार करावी. भरलेल्या पैशांकडे पाहू नये.

आपल्या वाट्याचे काम

आता आपली चूक. त्या रात्रीची ट्रॉली आपल्याच कारखान्याकडे ऊस घेऊन येत होती. पोराला ब्रेक शिकवला नव्हता हे खरे, पण ट्रॉलीला लाल पट्टी असती तर तिने त्याला शंभर मीटरवरून हाक मारली असती. एका रिफ्लेक्टरची किंमत उसाच्या एका मोळीइतकीही नाही. येत्या हंगामात गव्हाणीकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बैलगाडीला मागे रिफ्लेक्टर असावा, यासाठी वाहतूकदारांनी आणि सभासदांनी आतापासून तयारी करावी. ऊस बाहेर लोंबून पट्टी झाकली जात नाही ना, हे फडातून निघतानाच पाहावे.

त्या पोराचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. हात बरा झाल्यावर आईनेच त्याला म्हटले, "गाडी विकू नकोस. नीट शीक." त्याने पुन्हा नाव घातले, या वेळी मास्तर शोधायला तीन ठिकाणी मागे बसून आला. मे महिन्यात तो गावी आला, तेव्हा आम्ही मुद्दाम संध्याकाळी त्याच्या गाडीत बसलो. आई पुढे, आम्ही मागे. फाट्यापाशी कडब्याने भरलेली बैलगाडी दिसली, दिवा अर्थातच नव्हता. त्याने बरेच आधी वेग उतरवला, गाडीच्या मागे शांतपणे चालत राहिला आणि समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावरच पुढे काढली. आईने दरवाजाची मूठ घट्ट धरली होती, ती हळूहळू सोडली.

कोणी काही बोलले नाही. घर आल्यावर ती म्हणाली, "चहा टाकते, बसा."

सभासदांनी हा अंक वाचून झाल्यावर मुंबईला मुलाबाळांकडे पाठवावा, ही विनंती.